जेनाच्या तळाचे जोडे

रत्नम्मानं ते रबरी बूट अंगणाच्या मधोमध उभे केले, कमरेवरची घागर उतरवली आणि एका बुटात पाणी ओतायला लागली.

"अव्वा, काय करतीस!" तिचा लेक ईरप्पा ओसरीवरून ओरडला. "कोरे बूट हाईत ते. मुंबईस्नं आणवल्यात."

"कोरे हाईत म्हणूनच. किती पाणी पितात बघू दे की."

बूट गुडघ्याएवढे उंच, काळेभोर, चकचकीत होते. गिरणीच्या साहेबाचा ड्रायव्हर कल्लप्पा असलेच बूट घालून हिप्परग्याच्या तलावावर साहेबाची इंजिनाची बोट पळवायचा, आणि बांधावर जमलेली माणसं बोटीच्या आधी त्याचे बूट बघायची. ईरप्पाला तसेच हवे होते. घागर अर्धी रिकामी झाली तरी बूट तोंड वासून उभाच. तो काठोकाठ भरला तेव्हा रत्नम्मानं पदराला हात पुसले.

"आता घाल ह्यात पाय. आन जा चालत गोठ्यापतोर."

ईरप्पानं पाय घातला. पाणी भसकन वर आलं आणि धोतर मांडीपर्यंत भिजलं. पाऊल उचलायला गेला तर पाय हलेना. जोर लावला तसा बूट लवंडला आणि बुटाबरोबर ईरप्पाही. त्याचा दोस्त संगप्पा पायरीवर बसून शेंगा फोडत होता, तो हसता हसता ठसकला.

"ईऱ्या, हत्तीचा पाय तुला काय झेपंना गड्या!"

"बूट न्हाईत हे, बुधले हाईत," रत्नम्मा म्हणाली. तिच्या घाण्यावर तेल भरून न्यायला चामड्याचे मोठाले बुधले असायचे; भरल्यावर त्यांचं काय होतं हे तिच्या कमरेला ठाऊक होतं. "असले दोन पायांत घालून तू पाण्यात पडणार? तळ गाठशील सरळ. परत पाठीव."

"लई देखणे व्हते गं," ईरप्पा बसल्या जागेवरून म्हणाला.

"देखणे हाईतच. कल्लप्पाला लखलाभ."

सोलापुरात बाळीवेशीच्या अंगाला रत्नम्माचा करडईचा घाणा होता. ईरप्पा रांगत होता तेव्हाच नवरा वीरभद्रप्पा गेला. तेव्हापासून बैल तिनं हाकला, गिऱ्हाईक तिनं राखलं, आणि तेल कधी खवट निघालं नाही. पोराचं मन मात्र तेलापेक्षा धुरात रमलं. स्टेशनच्या रस्त्याला त्यानं आणि संगप्पानं मोटारी दुरुस्त करायची शेड टाकली, आणि चौतीस सालच्या उन्हाळ्यात दोघांनी मुंबईच्या गोदीतून एक इंजिन आणलं. बोटीच्या पाठीला अडकवायचं, खाली पाणी कापणारा पंखा, वर एक चाक. चाकाला दोरी गुंडाळून हिसडा मारला की सुरू. अंगणात, पाण्याच्या पिंपात, ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा बैलानं दावं तोडलं, शेजारची निंगव्वा घरातून बाहेर पळाली, आणि रत्नम्मा हातातलं सूप तसंच धरून ऐकत उभी राहिली. घाण्याची लाकडी लाट बैलामागं फिरायला लागली की जशी लय धरते, तशी त्यालाही लय होती.

"झ्याक बोलतंय की रं," ती म्हणाली होती.

सुताराकडून सागाच्या फळ्यांची बोट करून घेतली, परातीसारखी उथळ, नाकाडात निमुळती. पाऊस सरला, तलाव भरला, आणि दसऱ्यानंतर एका सकाळी ईरप्पा इंजिनाची दोरी ओढायला बोटीत उभा राहिला. हिसडा मारला आणि पाय सटकला. कपाळ इंजिनाच्या चाकावर आपटलं, माणूस पाण्यात. संगप्पानं उडी मारून बंडीला धरून वर काढलं म्हणून भुवईवरच्या टाक्यांवर भागलं. शुद्धीवर आल्यावर ईरप्पा एवढंच म्हणाला, "पाय कसा सटकला तेच कळंना." निंगव्वा म्हणाली, दिष्ट लागली. संगप्पा म्हणाला, वारा होता. रत्नम्मानं बोट शेडमध्ये पालथी घालायला लावली आणि वर तेलाचे रिकामे डबे रचले.

मग नाताळच्या सुट्टीत तलावावर बोटींची शर्यत ठरल्याची बातमी आली. ईरप्पा जेवायला बसला की भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायचा आणि तसाच धरून ठेवायचा. रत्नम्मानं ते बघितलं, दुसऱ्या दिवशीही बघितलं. तिसऱ्या वेळी तिनं ताट पुढं सरकवलं आणि सांगितलं:

"उतर शर्यतीत. पन अंगावर काय चढवायचं, पायाच्या नखापास्नं डोक्याच्या केसापतोर, ते मी ठरवणार. मला पटलं तर बोट पाण्यात. न्हाय पटलं तर न्हाय. मग तितं बांधावर गाव जमलं असलं तरी न्हाय."

ईरप्पानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून कबूल केलं. आईला पटवणं म्हणजे काय हे तो जन्मापासून बघत आला होता. पण इंजिनाच्या नादात कबूल करून बसला.

बूट असे पहिल्याच फटक्यात गेले.

"मग उघड्या पायानं बसू दे की," संगप्पानं सुचवलं. "पाण्यात कशाला पायताण?"

"बोटीत खिळ्यांची टोकं हाईत, इंजिनाचा नळ तव्यासारका तापतोय, आन बोट उडाली की पाय कुटं आपटंल ठावं न्हाय. उघडा पाय न्हाय."

तिनं ओळखीच्या चांभाराकडून जाड वाहाणा करवून घेतल्या. बोटं झाकतील असं पुढून चामडं, निसटू नये म्हणून टाचेमागं पट्टा. काम देखणं होतं. घरी आणल्या आणि नेहमीसारख्या रात्रभर तेलात घातल्या. सोलापुरात कोरी वाहाण कुणी तशीच पायात घालत नाही. ती चावते, करकरते, उन्हात तडकते. तेल प्याली की लोण्यासारखी मऊ पडते. घाणेवाल्याच्या घरात तर वाहाणांना तेलाची कमी कधीच नव्हती.

सकाळी त्या पुसून, फडक्यात बांधून ती दोघा पोरांबरोबर बैलगाडीतून हिप्परग्याला निघाली. बोट आणि इंजिन गाडीत मागं.

"अव्वा, तू कशाला?"

"घालून बघायला."

"पायात माझ्या घालायच्यात न्हवं?"

"आधी माझ्या."

तलाव हिवाळ्याच्या उन्हात नुकता जागा झाला होता. पाणकोंबड्या लव्हाळ्यातून डोकी काढून बघत होत्या. रत्नम्मानं लुगड्याचा काचा घट्ट खोचला, लेकाच्या वाहाणा पायांत अडकवल्या आणि पायरीला बांधलेल्या बोटीत उतरली. संगप्पानं बोट धरली. तिच्या सांगण्यावरून ईरप्पानं फळ्यांवर ओंजळीनं पाणी शिंपडलं. शर्यतीत काय बोट कोरडी राहणार आहे?

"हां. आता दोरी दे हातात."

चाकाभोवती दोरी गुंडाळून तिनं हिसडा मारला. पाय भर्रकन पुढं गेला आणि रत्नम्मा बोटीच्या तळाला धपकन बसली. बोट एवढी डुलली की संगप्पा कमरेपर्यंत पाण्यात.

पहिल्यांदा तीच हसली. मग पोरं हसली. मग तिचं हसणं थांबलं, कारण तिची नजर फळीवर गेली होती. पाय घसरला होता तिथल्या पाण्यावर एक तवंग पसरत होता, मोराच्या पिसासारखा, निळा, हिरवा, जांभळा. तिनं वाहाण काढली, तळावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला.

"ईरा," ती म्हणाली, "त्या दिशी तुझ्या पायांत काय व्हतं?"

"दसऱ्याच्या वाहाणा. तूच दिलेल्या की."

"कोऱ्या."

"कोऱ्याच."

रत्नम्मा बोटीतून उतरली आणि पायरीवर बसली. त्या वाहाणाही तिनंच तेलात घातल्या होत्या. हौसेनं, नेहमीपेक्षा जास्त, चांगल्या दोन रात्री. पोराचा पाय सोलू नये म्हणून. पाणी तिच्या घोट्यांशी येत होतं, जात होतं.

"वारा न्हवता," ती म्हणाली. "दिष्टबी न्हवती. माझं तेल व्हतं."

"अव्वा, गप गं. तू काय..."

"गप का? कळलं ते बरं झालं. आता नीट करता येतंय." तिनं दोन्ही वाहाणा फडक्यात बांधल्या, गाठ आवळली. डोळे पुसले ते त्याच फडक्याच्या टोकानं, आणि करडईचा वास नाकात गेला तशी शिंकली. "चल. कामं पडल्यात."

आता तिला काय शोधायचं ते ठाऊक झालं होतं. ओल्यात धरेल, शेवाळावर धरेल, आणि ज्याला तेलाची गरज पडणार नाही, असं काहीतरी. तिनं घर, घाणा आणि शेड उपसली. मोटारीच्या टायरचं रबर, तरटाचा दुहेरी तुकडा, काथ्याची वेणी, बिनतेलाचं कच्चं चामडं. एकेक पायाला सुतळीनं बांधायची आणि तलावाच्या शेवाळलेल्या पायरीवर उभी राहायची. धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून बघत बसल्या.

"काय गं रत्नम्मा, नाच शिकतीस का?"

"शिकवायला येशील?"

रबर कोरड्या दगडावर चिकटलं, शेवाळावर निसटलं. तरट पहिल्यांदा धरायचं, मग भिजून त्याचे धागे सुटायचे. काथ्यानं तळवे सोलले, कच्चं चामडं भिजून बुळबुळीत झालं. शेवटी घाण्यावर ती ज्याच्यावर बसून तेल मोजून द्यायची ते जुनं जेन तिनं आणलं. जेन म्हणजे धनगरांकडची लोकरीची जाड बैठक. ती विणलेली नसते. ओली लोकर गुंडाळून, दाबून, एकजीव केलेली असते. तिचे दोन तुकडे बांधून रत्नम्मा पायरीवर उभी राहिली आणि एका पायावर भार दिला. मग दुसऱ्या. मग उडी मारली. बायकांनी "अगं अगं" केलं. पाय जिथल्या तिथं. ओली लोकर शेवाळात रुतून बसली होती, मांजराच्या पंजासारखी.

पण तिचं जेन वर्षानुवर्षांच्या तेलानं माखलेलं. कोरंच हवं होतं.

मंगळवारच्या बाजारात मंद्रूपकडची केराबाई घोंगडी आणि जेनं घेऊन बसायची. दोघींची ओळख जुनी; केराबाई तेल तिच्याकडूनच न्यायची.

"ये रत्नाक्का. जेन पायजे? हे बघ, आवंदाच्या लोकरीचं हाय. बसायला का निजायला?"

"जोड्याला तळ करायचाय."

केराबाईनं पसरलेलं जेन गुंडाळायला घेतलं. "मग न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. बिरुबाच्या म्होरं हेच अंथरतो आमी. ह्याच्यावर भंडारा पडतो. आन तू ह्याचं पायताण करणार? माझ्या मालकानं ऐकलं तर मेंढरं घिऊन मुलूख सोडंल."

रत्नम्मा तिच्याशेजारी मातीतच बसली. पोराचं पडणं, कपाळ, तेल, पायरी, सगळं सांगितलं. केराबाईनं कपाळाला हात लावला, हळहळली. पण जेनावरचा हात काही तिनं काढला नाही.

"बरं, मला एक सांग, केराबाई. जेन करता कसं तुमी?"

"कसं म्हंजे? लोकर पिंजायची, पसरायची, पानी मारायचं, गुंडाळायची, आन मग..." केराबाई थांबली.

"आन मग?"

"मग तुडवायची," ती बारीक आवाजात म्हणाली.

"कशानं गं?"

"डोक्यानं! कशानं तुडवत्यात मानसं?" केराबाईला हसू आवरेना. "लई वकील हाईस गं तू, घाण्यावर कशाला बसलीस?"

"त्याचा जलमच पायाखाली झालाय, बाई. मी त्याला नवी जागा दावत न्हाय."

केराबाई बराच वेळ जेनावरून हात फिरवत राहिली. मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाली, "तुडवतो ते पाय धुऊन तुडवतो आमी. चामडं घालून न्हाय. तुझ्या जोड्यात चामड्याचा तुकडा लागला, एक वादी जरी लागली, तरी माझी लोकर मला परत."

"कबूल."

"आन बिरुबाचं नाव घिऊन काप."

तिनं कनवटीची पुडी सोडून जेनावर चिमूटभर भंडारा टाकला. पिवळा ठिपका लोकरीत मुरून गेला.

चामडं नाही म्हटल्यावर चांभारही नाही. रत्नम्मानं गिरणीतून आलेलं तंबूचं जाड कापड घेतलं आणि दाभण घेऊन स्वतःच बसली. ईरप्पाचा पाय जेनावर ठेवून कोळशानं रेघ मारली. लहानपणी तो पाय तिच्या तळहातात मावायचा. दोन थरांचा तळ, वर घोट्यापर्यंत कापड, पुढं नाड्या. बाजूंना भोकं ठेवली, आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट पाहिजे म्हणून. बोटांवर मात्र काहीतरी टणक हवं होतं, आणि तिथं तिला तिचं तेल पुन्हा आठवलं.

करडईचं तेल मंद आचेवर तासन्‌तास आटवलं की त्याचं रोगण होतं. ते मग तेलासारखं वागतच नाही. विहिरीच्या मोटेला लावतात, पाणी धरू देत नाही, वाळून खडखडीत होतं. जोड्याच्या पुढच्या टोकाला, फक्त वरून, तिनं रोगणाचे थरावर थर दिले. वाळल्यावर संगप्पानं त्यावर पाना टाकला. टक्‌ करून आवाज आला आणि पाना उडाला.

"आता छातीचं," रत्नम्मा म्हणाली.

ईरप्पानं पुस्तकातलं चित्र दाखवलं; कुणी गोरा माणूस बुचाच्या लाकडाचं जाकीट घालून हसत होता. ते सोलापुरात मिळणार कुठं? संगप्पा म्हणाला, हिप्परग्याची पोरं सुके भोपळे पाठीला बांधूनच पोहायला शिकतात. भोपळे बांधून बघितले. ईरप्पा तरंगला झकास, पण कोपर मागं जाईना. दोरी ओढणार कशी? आणि एक भोपळा बोटीच्या काठावर आपटून फुटला. मग रत्नम्मानं घरातल्या उशा उसवल्या. सावरीचा कापूस, रेशमासारखा, हातात धरला तरी हात रिकामाच वाटावा असा. कापडाची पिशवी शिवून त्यात भरला, पिशवीला रोगण चढवलं, घाण्यावरचं लोखंडी माप बांधलं आणि विहिरीत सोडली. दिवस कलला तरी पिशवी मापासकट वर, बदकासारखी डुलत.

जाकीट शिवताना तिच्या गळ्यात आपोआप सूर आला. दाभणाच्या टोचण्याबरोबर ओवी पुढं सरकत होती:

*सावरीच्या बोंडा, तुझं वजन ते किती*
*माझ्या गं राजसाला, धर पाण्यावरती*

*करडईच्या तेला, तुला चुलीशी आटविलं*
*बाळाच्या छातीवरी, राखणीला पाठविलं*

डाव्या अंगाला, काळजाशी, तिनं आतून एक छोटा खिसा शिवला आणि त्याला दोन बंद लावले. गळ्यातलं लिंग कधी अंगावेगळं होऊ द्यायचं नसतं. पाण्यात उलटापालटी झाली तर दोरा गळ्याला आवळायचा नाहीतर तुटायचा. ईरप्पानं लिंग त्या खिशात ठेवलं, बंद बांधले आणि वरून तळहात दाबून बघितला. ह्या एका गोष्टीवर त्यानं काही हुज्जत घातली नाही.

हुज्जत झाली ती डोक्यावर.

"फेटा बांधतो की. आप्पाचा हाय, जरीकाठी. झ्याक दिसंल."

रत्नम्मानं फेट्याचं टोक धरलं आणि अंगणभर उलगडत नेलं. "हे पाण्यात सुटलं, पंख्यात गेलं, की इंजिन तुला मानेला धरून आत वढंल. धोतरबी न्हाय, उपरणंबी न्हाय. आखूड चड्डी, आन हे." तिनं सावरी भरलेली, टाके घालून टणक केलेली, हनुवटीखाली बंद असलेली टोपी पुढं केली.

ईरप्पानं ती घालून आरशात बघितलं. "अव्वा, टोपरं हाय हे! बारशातलं!"

"संगप्पा, पाळणा आण रं," रत्नम्मा म्हणाली, आणि संगप्पा हसत हसत अंगणात लोळला.

शर्यतीच्या दिवशी बांधावर जत्रा होती. गिरणीतले लोक, पेठांतले व्यापारी, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, भज्यांच्या कढया. पाण्यात दूरवर एक खांब रोवून त्याला लाल कापड बांधलं होतं. त्याला वळसा घालून परत यायचं. ईरप्पा रोगणानं पिवळ्या पडलेल्या जाकिटात, टोपरं घालून उतरला तशी गर्दीत हशा उसळला.

"अरे, गादी आली गादी!"

कल्लप्पा आपल्या बोटीतून ओरडला, "ईरप्पा, चादर कुटं ठिवलीस? थंडी वाजंल की!"

"तुझ्याकडं हाय का जादा?" ईरप्पा म्हणाला, पण कान लाल झाले होते. त्यानं आईकडं बघितलं. "निघू का?"

रत्नम्मानं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नाड्या ओढून बघितल्या, बंद ओढून बघितले. सगळं तिनंच केलं होतं, सगळं तिनंच तपासलं होतं. पण ते पायरीवर, विहिरीत, अंगणात. माणूस आत असताना काय होतं ते अजून तिनं बघितलेलं नव्हतं.

"संगप्पा, इंजिन काढून घे वर."

"आत्ता? का?"

"ईरा, बोट आत ने आन पालथी कर. आधी बुडून दाखव मला."

ईरप्पाला वाटलं ती चेष्टा करते आहे. मग तिचा चेहरा बघून ते वाटणं गेलं. "अव्वा, गाव बघतंय गं."

"बघू दे की. मीबी बघतीय."

शर्यतीचे पंच, एक वकील, घड्याळ हातात धरून पायऱ्या उतरून आले. "बाई, बोटी तयार आहेत. आपल्यामुळे सगळे खोळंबलेत."

"खोळंबू द्या, वकीलसाहेब. तुमी शर्यत सोडायची, मी पोरगा सोडायचा. दोन्ही बेतानंच सोडावं."

वकिलांनी तिच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि घड्याळ खिशात घातलं.

ईरप्पानं बोट वल्ह्यानं खोल पाण्यात नेली; तिला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक काठावर संगप्पाच्या हातात होतं. एका काठावर सगळा भार टाकला. बोट उभी राहिली, क्षणभर तशीच थांबली, आणि उलटली.

पाण्यावर आता फक्त बोटीची पालथी पाठ होती. भज्यांची कढई चुरचुरत होती तेवढाच आवाज. रत्नम्माच्या हातात लुगड्याचा पदर होता, तो तिनं पिळायला सुरुवात केली, कोरडाच. आणि मग बोटीच्या पलीकडून पिवळं काहीतरी वर आलं. उताणं, तोंड आभाळाकडं. ईरप्पा हातपाय न हलवता तरंगत होता. पाण्यानं त्याला उचलून धरलं होतं.

"वर चढ!" ती ओरडली. "बोटीवर चढून उभा ऱ्हा!"

बोटीचा तळ म्हणजे ओला गुळगुळीत साग, वर पाण्यातली बुळबुळ. ईरप्पा पोटावर चढला, गुडघ्यावर आला, मग एक पाऊल टेकवलं, मग दुसरं. उभा राहिला. हात पसरलेले, टोपऱ्यातून पाणी गळतंय, जोड्यांच्या भोकांतून बारीक धारा निघताहेत.

"दोरीनं हलीव बोट, संगप्पा."

संगप्पानं हिसडा दिला. बोट डावीकडं कलली, उजवीकडं कलली. ईरप्पा कमरेत वाकला, सावरला, शेंड्याला वाऱ्यानं धरलेल्या ज्वारीच्या ताटासारखा. पाय मात्र जिथं टेकले होते तिथंच.

कुणी हसत नव्हतं.

"आनखी येकदा. जोरात."

पुन्हा हिसडा. पुन्हा तेच.

"अव्वा!" ईरप्पा पाण्यावरून ओरडला, आणि आता त्याच्या आवाजात लाज नव्हती, मजा होती. "पटलं का?"

रत्नम्मानं पिळलेला पदर सोडला, झटकला, खांद्यावर टाकला.

"पटलं. जा आता."

बोट सुलटी केली, पाणी उपसलं, इंजिन चढवलं. ईरप्पा दोरी ओढायला उभा राहिला. त्याच जागी, तसाच. हिसडा मारला, इंजिन खोकलं, गप झालं. दुसरा हिसडा. पाय ओल्या फळीवर रोवलेले. तिसऱ्याला इंजिन बोलायला लागलं. वकिलांनी रुमाल खाली केला आणि तलाव मधोमध फाडत बोटी सुटल्या.

बायकांनी रत्नम्माला पुढं जागा करून दिली. सुरुवातीला तिनं बोटी कुठं आहेत ते बघितलंच नाही. ती एकच बोट बघत होती, आणि बोटीतही खालचा भाग. लाल कापडाच्या खांबाशी मात्र तिनं नजर वर केली; कल्लप्पा आधी पोचला आणि खांबाला घासून वळला. मागून ईरप्पा आला, वळणाला बोट एका काठावर उचलली गेली, पाण्याचा फवारा उडाला, आणि तो सगळं अंग बाहेर झोकून, पाय आत रोवून, वळला. सरळ झाला. परतीच्या वाटेवर त्यानं अंतर कमी कमी करत आणलं, पण कल्लप्पाची बोट एका नाकानं पुढं राहिली.

ईरप्पा काठाला आला तो बोट थांबायच्या आत उडी मारून. शेवाळलेल्या पायरीवर, धावत. रत्नम्माच्या तोंडात "हळू!" आलं होतं, ते तिनं आतच ठेवलं. त्याचा पाय पायरीवर पडला, दुसऱ्या पायरीवर पडला, आणि तो वर तिच्यापुढं येऊन धापा टाकत उभा राहिला.

"येका नाकानं, अव्वा! बघितलंस का? तोंडाशी घास आलेला!"

"बघितलं की."

"प्लगात कचरा आला. न्हाईतर..."

"प्लगला कशाला बोल लावतोस?" रत्नम्मानं त्याच्या हनुवटीखालचे बंद सोडले आणि भिजलेलं टोपरं पिळलं. "खांबाला लई लांबनं वळसा घातलास तू. कल्लप्पा बघ कसा घासून गेला. पुढल्या बारीला अगदी लागून घे."

ईरप्पानं मागं वळून खांबाकडं बघितलं.

"भ्यालो की गं थोडं. बोट उलटली असती तर?"

"उलटली तर उलटली," रत्नम्मा म्हणाली. "उलटून वर येतोस हे मी बघितलंय. लागून घे."